हॉन्की-टॉन्क म्हणजे नुसती बेवड्यांची गाणी?

मिलिंद ह्यूस्टनहून सुट्टीवर आलाय. कट्ट्यावर मोबाइलवर कंट्री म्युझिक, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या वळणाची गाणी, लावून बसला होता, तर बंड्या उखडलाच. "काय रडगाणं लावलंयस लेका? बेवड्यांची गाणी नुसती!"

"बेवड्यांचीच आहेत," मिलिंद म्हणाला. "हॉन्की-टॉन्क. बारचंही तेच नाव, गाण्याचंही."

सुहासने लगेच शब्दाचा उगम विचारला. मास्तर ना तो! उगम कुणालाच माहीत नाही. १८९०च्या आसपास टेक्सास-ओक्लाहोमाकडच्या वर्तमानपत्रांत हा शब्द दिसतो. दारू, नाच आणि जुगाराची हलकी जागा, एवढाच तेव्हाचा अर्थ.

"पण गाणं जन्मलं ते तेलामुळे," मिलिंद रंगात आला. "१९३० साली पूर्व टेक्सासात तेल लागलं. बाहेर मंदी, इथे रोख मजुरी. पोरं घरदार सोडून धावली. १९३३ला देशाची दारूबंदी उठली, तरी टेक्सासातल्या कित्येक काउंट्या, म्हणजे तिकडचे जिल्हे, कोरड्याच राहिल्या. मग हद्द संपली रे संपली की रस्त्याकडेला बार."

"आमच्या वर्ध्यासारखंच की," नाना म्हणाले. "जिल्हा ओलांडला की पहिली पाटी बारचीच."

"ते ठीक. गाण्याचा काय संबंध?" बंड्या हटेना.

"अरे, त्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईल का? अर्नेस्ट टब नावाचा गायक होता. बारमध्ये नाणं टाकलं की रेकॉर्ड वाजवणारं यंत्र असतं ना, त्या ज्यूकबॉक्सवाल्याने त्याला सरळ सांगितलं, दुपारनंतर गर्दी वाढली की तुझी रेकॉर्ड कुणाला ऐकूच येत नाही. १९४१मध्ये टबने इलेक्ट्रिक गिटार घेऊन गाणं केलं, ते तुफान चाललं. आधीच्या गाण्यांत आई, चर्च, डोंगरातलं घर. इथे घटस्फोट, फसवणूक, रिकामा खिसा. समोर बसलेल्याचंच आयुष्य."

बंड्या जरा गप्प झाला, तर सुहास उठला. "आणि दोष सगळा बाईचा! बारमध्ये बसणारी ती वाईट."

इथे मिलिंदने हुकमाचं पान टाकलं. १९५२मध्ये हँक थॉम्पसनचं असंच एक गाणं गाजत होतं, घर सोडून बारच्या झगमगाटात गेलेल्या बाईवर ठपका ठेवणारं. त्याच वर्षी त्याच चालीवर किटी वेल्सने उत्तर दिलं: बायका बिघडल्या असतील तर लग्न होऊनही एकटे म्हणून मिरवणाऱ्या पुरुषांमुळे. वेल्स बत्तिशीतली, तीन मुलांची आई, गाण्यातून जवळजवळ बाहेर पडलेली. रेकॉर्डिंगचे १२५ डॉलर मिळतील म्हणून तयार झाली. एनबीसी रेडिओने गाण्यावर बंदी घातली, तरी ते बिलबोर्ड या संगीताच्या मासिकाच्या कंट्री यादीत पहिलं आलं. एकट्या गायिकेला तो मान तोवर मिळाला नव्हता. मला विचाराल तर या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात धीट गाणं एका घरेलू बाईचं आहे, आणि ते त्या बेवड्यांनीच नाणी टाकून वाजवलं असणार.

"मग आता कंट्रीच्या माहेरी, नॅशव्हिलला जाऊन बसू की," बंड्या एकदम पलटला.

"तिथल्या ब्रॉडवेवर, त्या बारच्या रस्त्यावर? ते पर्यटकांचं दुकान झालंय," मिलिंद म्हणाला. "तीन-तीन मजली बार, लग्नाआधीच्या पार्ट्या."

"आणि गाणारे?"

"ते चार-चार तास वाजवतात. मानधन थोडं, बाकी टिपांच्या बरणीवर."

"मग झालं तर! गिऱ्हाईक बदललं, गाणाऱ्याचे हाल तेच. तेच खरं हॉन्की-टॉन्क."

मिलिंदला हे अजिबात पटलं नाही. त्याच्या मते हद्दीवरचा बार आणि घरापासून तुटलेला मजूर नसेल तर नुसती पाटी उरते. बंड्या म्हणाला, बरणी आहे ना, बास.