पडद्याचा फोटो पाठवणाऱ्या तमाम मित्रमंडळींस

आज दुपारी आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने महिनाअखेरच्या हिशेबातील फरक दाखवण्यासाठी मला मॉनिटरचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला. बेरजेच्या रकान्यावर नेमकी ट्यूबलाइटची पांढरी रेघ होती, उरलेल्या आकड्यांवर इंद्रधनुषी पट्टे पसरले होते आणि एका ठिकाणी ३ आहे की ८, हे चष्मा काढून, फोटो मोठा करूनही मला ठरवता येईना. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी मात्र लख्ख दिसत होती आणि तिच्यावर या गृहस्थांचा पासवर्ड होता.

संगणकावरच असलेली गोष्ट संगणकाबाहेर काढून, कॅमेऱ्याने टिपून, पुन्हा दुसऱ्याच्या संगणकावर पाठवण्याचा हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, हे मला खरोखर कळत नाही. पडद्यावरच्या ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्यातली जाळी एकमेकींवर आली की असे पट्टे उमटू शकतात. फोन महागाचा असला म्हणून त्यातून सुटका होतेच, असे नाही.

अशा वेळी मला माझे मामा आठवतात. बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, साताऱ्यात राहणारे. काही वर्षांपूर्वी निवृत्तिवेतनाच्या अर्जात अडचण आली तेव्हा मी त्यांना फोनवर पडद्याचे चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, टिपणारे प्रिंट स्क्रीनचे बटण दाबायला सांगितले होते. त्यांनी ते दाबले, मग प्रिंटरमध्ये कागद आहे ना ते पाहून आले, पुन्हा दाबले आणि वैतागून म्हणाले, "अगं, हे बटण मेलंय! काहीच होत नाही." त्यांची अपेक्षा मुळीच वेडगळ नव्हती, कारण १९८१च्या आयबीएम पीसीवर शिफ्टसह हे बटण दाबले की पडद्यावरचा मजकूर खरोखरच प्रिंटरकडे जात असे. विंडोजमध्ये मात्र, निदान विंडोज १०पर्यंत, ते चित्र गुपचूप क्लिपबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, जाऊन बसते आणि कंट्रोल-व्ही करून पेंटमध्ये, ईमेलमध्ये किंवा संगणकावरच्या व्हॉट्सॲपमध्ये उतरवेपर्यंत दिसत नाही. बटण दाबणाऱ्याला काही घडल्याची खूणही न देणारी ही रचना ज्याने केली, त्याच्यावरही माझा राग आहेच.

मामांनी मात्र वही काढली. ऑल्ट धरून प्रिंट स्क्रीन दाबले की फक्त समोरची खिडकी येते; विंडोजचे बटण धरून दाबले की पडदा क्षणभर मंदावतो आणि चित्र थेट पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स या फोल्डरमध्ये साठते; आणि विंडोज, शिफ्ट व एस ही तीन बटणे एकत्र दाबली की पडदा करडा होतो, मग हवा तेवढाच चौकोन माउसने आखून घेता येतो. हे सारे त्यांनी बँकेतल्या जुन्या वळणदार अक्षरात लिहून ठेवले. आता त्यांचे स्क्रीनशॉट येतात ते चूक असलेल्या ओळीपुरतेच, लाल रेघेने गोल केलेले. आमच्या सहकाऱ्यांचे वय, सांगायला हरकत नाही, मामांच्या निम्मेही नाही.

सायबर कॅफेत किंवा परक्याच्या संगणकावर बसलेल्या माणसाला फोटो काढणेच सोयीचे असते, हे मान्य. संगणक सुरूच होत नसेल किंवा बिघाडाच्या निळ्या पडद्यावर अडकला असेल, तर दुसरा मार्गच नसतो, हेही मान्य. काही लॅपटॉपवर हे बटण दुसऱ्याच बटणाच्या पोटात दडवलेले असते आणि ते एफएन (फंक्शन) हे बटण धरल्याशिवाय ऐकत नाही, हेही खरे. मला राग आहे तो दिवसभर स्वतःच्याच यंत्रासमोर बसणाऱ्यांचा.

आणि इतकी वर्षे हे कोणी त्यांना दाखवले नसेल, तर चूक एकट्या त्यांची तरी कशी म्हणावी? आमच्या संगणकाच्या तासाला इनपुट आणि आउटपुटच्या व्याख्या पाठ करून घेतल्या गेल्या. हे बटण कोणी दाखवले नाही. मामांना शेजारी बसून दाखवणारे कोणी नव्हते म्हणून त्यांनी ते फोनवर विचारले, आणि विचारायला त्यांना लाज वाटली नाही. सहकाऱ्यांना ती वाटत असावी. हे लिहिताना माझा राग थोडा निवळला आहे, पण त्या पिवळ्या चिठ्ठीपुरता तो कायम आहे.

स्क्रीनशॉट म्हणजे सुरक्षित, असेही कोणी समजू नये. २०२३मध्ये विंडोज ११च्या स्निपिंग टूलमध्ये, म्हणजे स्क्रीनशॉट घेण्याच्या साधनात, असा दोष सापडला होता की चित्र कापून त्याच फाइलवर साठवले, तर कापून टाकलेला भाग फाइलमध्ये शिल्लक राहून काही अंशी परत मिळवता येत असे. मायक्रोसॉफ्टने तो दुरुस्त केला. तरीही संपूर्ण पडदा पाठवण्याआधी वरचे उघडे टॅब आणि खालचे कोपरे एकदा डोळ्यांखालून घालावेत. मामा चौकोनच आखतात, ते याचसाठी.

मॅकवाल्यांनी हसू नये; चौकोन टिपणारी कमांड, शिफ्ट आणि ४ ही बटणे माहीत असूनही तुमच्यातले काहीजण फोटोच पाठवतात.

आणि हिशेबाचा तक्ता असेल तर कृपा करून स्क्रीनशॉटही नको. मूळ फाइल पाठवा. चित्रात सूत्रे दिसत नाहीत, मग फरक कुठून आला ते शोधायला मला सगळे आकडे पुन्हा हाताने भरावे लागतात, आणि आज संध्याकाळी मी नेमके तेच करत बसले होते.