‘प्रोसेसर म्हातारा झाला’ म्हणे!

कोथरूडपासून हडपसरपर्यंतच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: डेस्कटॉप रखडायला लागला की समजा प्रोसेसर म्हातारा झाला. एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोजच्या सेटिंग बदलण्याच्या खिडकीत) जाऊन सगळे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, ‘चालू’ करा, नव्वद टक्के प्रोसेसर खाणारी ‘सिस्टीम आयडल प्रोसेस’ बंद करा, प्रीफेच फोल्डर रिकामं करा. तरी फरक पडला नाही तर रॅम वाढवा, नाहीतर नवीन मशीन घ्या. खाली ‘सर्वांना पाठवा’ आहेच. लोकांनी पाठवलाही. वाचला किती जणांनी, देव जाणे.

कोअरचं आधी बघू. एमएसकॉन्फिगमधली ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’ची टिक मुळात नसतेच, आणि ती नसताना विंडोज सगळे कोअर वापरतंच. ती सोय आहे कोअर कमी करण्यासाठी, चाचणी घेणाऱ्यांकरता. टिक करून सगळ्यात मोठा आकडा निवडलात तर फायदा शून्य. चुकून २ निवडलात तर मात्र सहा कोअरचं चांगलं मशीन खरोखरच लंगडं होतं. मेसेज वाचून टिक केली असेल तर आजच काढा.

‘सिस्टीम आयडल प्रोसेस’चा मुद्दा तर विनोदीच आहे. टास्क मॅनेजरमध्ये (चालू कामं दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत) तिच्यासमोर ९५ दिसतं याचा अर्थ प्रोसेसर ९५ टक्के रिकामा बसलाय. ती बंद करता येत नाही, आणि करायची गरजही नाही. हा आकडा दिसत असतानाही मशीन अडकत असेल, तर संशय डिस्कवर घ्या. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज १० चालवत असाल तर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली सापडेल. तिथे एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, लावली की काम झालं.

प्रीफेचबद्दल फार बोलण्यासारखं नाही. प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणून विंडोज तिथे नोंदी ठेवतं. त्या पुसल्या की पुढच्या वेळी प्रोग्राम उशिरा उघडतात आणि नोंदी पुन्हा तयार होतात.

आता ‘म्हातारा झाला’ हा मूळ दावा. प्रोसेसरचा वेग वर्षागणिक आपोआप उतरत नाही. इंटेलच्या आय५-६५०० या प्रोसेसरचा मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्‌झ आहे. तो विकत घेताना होता, आजही आहे. एवढं खरं की जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटींवरच्या दुरुस्त्यांमुळे जुन्या प्रोसेसरांना थोडा फटका बसला. शिवाय आजची ब्राउझरची टॅबसुद्धा पूर्वीपेक्षा कितीतरी जड आहे. पण मागच्या दिवाळीला नीट चालणारं मशीन या उन्हाळ्यात एक्सेल उघडताना धापा टाकतंय, याचा खुलासा त्यातून होत नाही.

खुलासा बहुतेक वेळा उष्णतेत असतो. इंटेलचे बरेचसे डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. प्रोसेसरवर बसवलेला पंख्याचा कूलर हवेवर चालतो, त्यामुळे तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. जानेवारीत खोली २२ अंशांवर असते, एप्रिल-मेच्या दुपारी ३५ च्या पुढे. तेवढेच अंश प्रोसेसरवरही चढतात. त्यात मेट्रोची, रस्त्यांची, शेजारच्या रीडेव्हलपमेंटची धूळ पंख्याखालच्या पत्र्यांत बसते. आणि आपल्याकडचं कॉम्प्युटर टेबल! त्याच्या दार असलेल्या कप्प्यात कॅबिनेट कोंबलं की आतली गरम हवा पुन्हा आतच. ज्याने कोणी ते दार काढलं, त्याला माझा नमस्कार.

तपासायला पैसे लागत नाहीत. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये ‘बेस स्पीड’ आणि चालू ‘स्पीड’ दोन्ही दिसतात. काहीतरी जड काम लावा आणि मग बघा. रिकामं असताना वेग उतरलेला दिसणं नॉर्मल आहे. कामाच्या भरात वेग मूळ वेगाच्या खूप खाली, अगदी ०.८ गिगाहर्ट्‌झवर अडकला, तर प्रोसेसरला कुणीतरी मागे खेचतंय. आधी पॉवर प्लॅनमधलं ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० आहे ना ते पाहा. मग एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका. त्यात तापमान दिसतं आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’समोर (म्हणजे उष्णतेमुळे वेग कमी होण्यासमोर) ‘येस’ आहे का तेही. असेल तर मशीन बंद करून, वायर काढून ब्लोअर मारा, पंखा बोटाने धरून. इंटेलच्या खोक्यातल्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या पिना असतात. त्यातली एक सुटली तरी कूलर तिरका होऊन तापमान झटक्यात चढतं. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली असेल तर पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तिची ट्यूब मिळते. वाटाण्याएवढा ठिपका पुरतो.

राहिली रॅम. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर जरूर वाढवा. पण ०.८ वर अडकलेल्या प्रोसेसरला रॅमने काही होणार नाही.

नवीन मशीन घ्यायला एक रास्त कारण आहे, आणि नेमकं तेच मेसेजमध्ये नाही: विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा अपडेट देण्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळपास सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. त्यासाठी बदलायचं तर खुशाल बदला.