साबण विकत घेणारी बाई फुकटी कशी?

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. म्हणे देशात मूठभर लोक कर भरतात, बाकीचे फुकटे त्यांच्या जिवावर जगतात. म्हणून कंपन्यांचा कर कमी करा, रोजगार आपोआप वाढेल. आणि खरा न्याय हवा असेल तर सगळ्यांना एकच दर लावा. याच ग्रुपवर माझी मावशी आहे, सोलापुरात जन्मभर विड्या वळलेली. तिनं फोन करून विचारलं, "आम्ही फुकटे व्हय रे?" मला राग आलाय तो तिला हा प्रश्न विचारावा लागला याचा.

मूठभर लोक भरतात तो प्राप्तिकर. मेसेजवाल्यानं त्यातला 'प्राप्ति' गाळला आणि नुसता 'कर' ठेवला, सगळी लबाडी इथंच आहे. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात रुपया कुठून येतो ते छापलंय: प्राप्तिकरातून २२ पैसे, जीएसटी व तत्सम करांतून १८, कंपनी करातून १७. राज्याच्या वाट्याचा जीएसटी यात धरलेलाच नाही. हा जीएसटी कोण भरतं? मोबाइलच्या रिचार्जवर मावशी १८ टक्के देते. अंगाचा साबण, केसांचं तेल, टूथपेस्ट यांवरही २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्केच होते, आता ५ झाले. करकपात म्हणायची तर ही, तिच्या पिशवीपर्यंत पोचलेली. आणि प्राप्तिकर न भरणारा फुकटाच असेल, तर नव्या करप्रणालीत वर्षाला बारा लाख पगार घेणाराही फुकटाच ठरतो, कारण त्यालाही तो कर शून्य आहे. हा मेसेज पुढं ढकलणाऱ्यांपैकी किती जण त्यात बसतात, त्यांनी स्वतःच बघावं.

कंपन्यांना सवलत देऊन झालीय. सप्टेंबर २०१९ मध्ये कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सोडतोय, असं सरकारनंच सांगितलं होतं. पुढं २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालात सरकारच लिहितं की २०२० ते २०२३ या आर्थिक वर्षांत कंपन्यांचा करपूर्व नफा जवळपास चौपट झाला, पण नोकरभरती आणि पगारवाढ त्या वेगानं झाली नाही. आमच्या सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत भागीदारीत यंत्रमाग चालवणाऱ्यांना तर ही सवलत मिळालीच नाही. भागीदारी फर्मला आजही ३० टक्केच आहे.

पगारदाराचा कर हातात पैसे पडायच्या आधीच कापला जातो आणि बडा बागायतदार शेतीच्या नावावर सुटतो, एवढी तक्रार मात्र मला मान्य करावी लागते. त्यासाठी बागायतदाराला धरा, विडी कामगाराला कशाला?

एकच दर हवा म्हणता? पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागं सगळ्यांना सारखंच आहे. जुन्या स्कूटीवर कामाला जाणारी बाई आणि पन्नास लाखांच्या गाडीतला माणूस, दोघंही तेवढंच भरतात.