निर्वात केलं म्हणजे झालं?
‘डबी निर्वात केली की सूक्ष्म कंपकाची ऊर्जा वाया जायला वाटच उरत नाही’ हे लेखातलं वाक्य पटलं नाही. हवेचा अडथळा जातो, एवढंच. कंपकातली थरथरणारी बारीक पट्टी वाकते तेव्हा दबलेली बाजू किंचित तापते, ताणलेली थंड होते आणि मधून वाहणारी उष्णता ऊर्जा खाते. भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स झेनरनं हे १९३७ मध्येच मांडलंय. महाप्याला आम्ही सिलिकॉनचे नमुने तपासायचो. पंप कितीही चालवा, ठरावीक दाबाखाली क्यू फॅक्टर (कंपनाची ऊर्जा किती टिकते याचं माप) हलायचाच नाही. शिव्या मात्र पंपाला! (पट्टी जिथे जोडलेली असते त्या आधारातून होणारी ऊर्जेची गळती वेगळीच.)

खरी मेख जाडीत आहे. १० मायक्रॉन जाड सिलिकॉन पट्टीत उष्णतेमुळे होणारा हा ऊर्जेचा ऱ्हास दीड मेगाहर्ट्झच्या आसपास सर्वाधिक. कंपनं त्याहून खूप संथ किंवा खूप जलद असली तर कमी. त्यावर एक ओळही नाही?