उभ्या उभ्या इंटर्नशिप

इंग्लंडच्या सरकारी इस्पितळात परदेशी विद्यार्थी म्हणून पाऊल टाकायचं, तर आधी आपण निर्धोक प्राणी आहोत हे सिद्ध करावं लागतं. तिथे येणाऱ्यांची तब्येत तपासणाऱ्या ऑक्युपेशनल हेल्थ विभागाला आपल्या मार्कांशी देणंघेणं नसतं. हिपॅटायटिस बी, गोवर, कांजिण्या, क्षय यांच्याशी आपले संबंध कसे आहेत, तेवढं त्यांना हवं असतं. 'कांजिण्या लहानपणीच येऊन गेल्यात' ही आईची साक्ष उष्ण देशातून आलेल्यांच्या बाबतीत ग्राह्य धरत नाहीत. त्यांनी रक्त घेतलं. अख्ख्या इंटर्नशिपमध्ये माझा प्रत्यक्ष सहभाग असलेली रक्ततपासणी तेवढी एकच.

कारण माझ्या पत्रात 'निरीक्षक' असं लिहिलं होतं. सुई टोचायची नाही, औषध लिहायचं नाही, बघायचं. हात मात्र कोपरापर्यंत उघडे हवेत. हे फर्मान 2007 सालचं. लांब बाही नाही, मनगटावर घड्याळ नाही. वॉर्डाच्या दारात हाताला चोळायचं जंतुनाशक जेल, खाटेशी जेल, पडद्यातून बाहेर आलं की पुन्हा जेल. ज्या हातांना काही करायची परवानगी नव्हती, ते त्या इमारतीतले सगळ्यात निर्जंतुक हात होते.

घड्याळ काढून घेतल्यावर राउंड किती लांबलाय तेही कळत नाही. नर्सेसच्या छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ असतं. पण त्यात वेळ बघण्याचे धोके मी सांगायला नकोत.

खरी परीक्षा राउंडला. कन्सल्टंट म्हणजे मोठे डॉक्टर, त्यांच्या हाताखालचा डॉक्टर म्हणजे रजिस्ट्रार, चाकांवरचा कॉम्प्युटर ढकलणारी ज्युनिअर डॉक्टर, फार्मासिस्ट, सिस्टर, एवढी वरात एका खाटेभोवती जमते आणि पडदा ओढला जातो. उशाशी ऑक्सिजन, पायथ्याशी कॉम्प्युटर, उरलेल्या कोपऱ्यात कमोडची खुर्ची. मी कुठेही उभा राहिलो तरी नेमकी तीच जागा कुणाला तरी हवी असते. पडदा बंद होताना मी निम्मा आत, निम्मा बाहेर. तेवढ्यात कन्सल्टंट अदबीने रुग्णाला विचारतात, "हे विद्यार्थी आहेत. थांबले तर चालेल ना?" नाही म्हणायचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. एका आजोबांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाले, "चहा आणणार असेल तर राहू दे."

तोही आणता येईना. त्यांच्या उशाशी पाटी होती: गिळताना ठसका लागतो, पातळ पदार्थ घट्ट करूनच द्यावेत. तो चहा किती घट्ट करायचा, हेही ठरलेलं. मी सिस्टरला सांगितलं, सिस्टरने हेल्थकेअर असिस्टंटला, आणि पावडर घातलेला, चमच्याने खायचा चहा आला. आजोबांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत मैत्रीची शक्यता संपली.

एकदा दुपारी 2222 वाजला. हा इस्पितळातल्या हृदय बंद पडण्याच्या हाकेचा नंबर. सगळे धावले, म्हणून मीही धावलो. त्यांची कार्डं दाराने ओळखली, माझं ओळखलं नाही. काचेपलीकडे आख्खी टीम वळणावर दिसेनाशी झाली. एका पोर्टरने येऊन दार उघडलं, तोवर रुग्ण उठून बसला होता आणि एवढी गर्दी कशाला म्हणून विचारत होता. नुसती चक्कर होती.

मात्र दिवसभर एका जागी उभं राहिलेल्या माणसाला सगळं दिसतं. लघवी तुंबलीय का ते बघणारा ब्लॅडर स्कॅनर आमच्याकडे तीन वॉर्डांत मिळून एक, आणि तो कायम बेपत्ता. कुणी नेला, कुठल्या बाजूला नेला, मला माहीत असायचं. आधी सिस्टर विचारू लागली, मग रजिस्ट्रार. शेवटी शेवटी शेजारच्या वॉर्डातून फोन यायचा, तर स्कॅनर आहे का असं कुणी विचारतच नसे. "तुमचा तो उभा असलेला मुलगा आहे का?" एवढंच.