भुकेचा फासा का ठेवला : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तिचा आशय असा, की मी रचलेल्या, टेबलाभोवती बसून पात्रे वठवण्याच्या खेळाच्या नियमांत व्हॅम्पायरची प्रत्येक शक्ती भुकेच्या फाशाला बांधलेली असल्यामुळे खेळाडू ती वापरायलाच कचरतात. डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच प्रसिद्ध खेळातला व्हॅम्पायर दर पाळीला २० प्राणगुण (म्हणजे पात्रात किती जीव उरला ते सांगणारे गुण) भरून काढतो आणि माझा व्हॅम्पायर मात्र अंधारात पाहायलाही फासा टाकतो. तेव्हा हा राक्षस नसून 'पथ्यावर ठेवलेला रुग्ण' आहे. हे वाचून हसू आले, आणि थोडे लागलेही.

मूळ नियम एवढाच आहे : भूक ० ते ५ या मापात मोजायची, शक्ती वापरताना दहा बाजूंचा एक फासा टाकायचा, आणि आकडा भुकेइतका किंवा त्याहून कमी पडला तर शक्ती चालते, पण कशी चालली हे सूत्रधार, म्हणजे खेळ चालवणारा, ठरवतो. भूक ४ असताना याला आपण '४० टक्के अपयश' म्हटले आहे. टक्केवारी बरोबर आहे. 'अपयश' हा शब्द मला मान्य नाही. आमच्या एका खेळात एका पात्राला रुग्णालयाच्या रक्तपेढीत शिरायचे होते. पहारेकऱ्याला संमोहित करून 'दार उघड' इतकेच सांगायचे होते. भूक ४ होती आणि फाशावर ३ पडले. दार उघडले, पण पहारेकरी तेवढ्यावर थांबेना. तो दिसेल ते दार उघडत सुटला : रक्ताच्या पिशव्यांचा फ्रीज, औषधांचे कपाट आणि शेवटी अतिदक्षता विभाग. खेळाडूने हळूच विचारले, "त्याला थांबवता येईल का?" येईल, पण त्यासाठी पुन्हा संमोहन आणि पुन्हा फासा. त्या क्षणी टेबलाभोवती जी शांतता पसरली, ती नुसत्या 'जमले नाही' या उत्तराने पसरली नसती.

आता त्या २० गुणांविषयी. २०१४च्या आवृत्तीतला तो व्हॅम्पायर चार-पाच वीरांनी मिळून हरवायचा प्रतिस्पर्धी म्हणून रचलेला आहे. त्याचे आयुष्य बहुधा एका लढाईपुरते असते, म्हणून त्याची ताकद आणि दुबळेपणा हे दोन्ही आकड्यांत मांडलेले चालतात : उन्हात किंवा वाहत्या पाण्यात त्याची जखम भरत नाही, उलट पाळीला २० गुणांची इजा होते. खेळाडूचे पात्र मात्र महिनोन्‌महिने चालवायचे असते, आणि दर पाळीला आपोआप बरे होणाऱ्या पात्रापुढे तिसऱ्या बैठकीनंतर कोणते संकट उभे करावे, हे मला तरी सुचत नाही. (त्या व्हॅम्पायरकडून मी उचलीन ती एकच गोष्ट : बोलावल्याशिवाय त्याला कोणाच्या घरात पाऊल टाकता येत नाही. या एका अटीतून जितके प्रसंग निघतात तितके वीस गुणांतून निघत नाहीत.)

खेळाडूंनीच व्हॅम्पायर व्हायचे, हे १९९१ साली आलेल्या 'व्हॅम्पायर : द मास्करेड'ने रूढ केले. त्यात सुरुवातीला रक्ताचे गुण खिशातल्या पैशांसारखे मोजून खर्च करायचे असत, त्यामुळे खेळाडू हिशेबनीस होई. २०१८च्या पाचव्या आवृत्तीने ते गुण काढून भूक आणली, आणि एक क्रूर नियम घातला : माणसाचा जीव जाईपर्यंत त्याचे रक्त प्यायल्याशिवाय भूक शून्यावर येतच नाही. माझा फासा सरळसरळ त्या विचाराचा ऋणी आहे. खर्च किती होईल हे आधी कळले, तर ती भूक उरत नाही, ते बजेट होते.

'उन्हात जळत नाही तो कसला व्हॅम्पायर?' हा आक्षेप मात्र आपल्याच पहिल्या आक्षेपाच्या विरुद्ध जातो. शिवाय १८९७च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा हिंडतो, फक्त त्याच्या शक्ती मंदावतात. सूर्यप्रकाशाने मरणे १९२२च्या जर्मन मूकपटाने रुजवले. मी जुनी वाट धरली. आणि वेताळ का घेतला नाही, तर तो प्रेतात वास करतो, रक्तावर जगत नाही. कोकणात तर तो देव आहे. आरवलीच्या वेतोबाला लोक चपला वाहतात. त्याच्या हाती भुकेचा फासा देण्याचे धाडस मी करणार नाही.

एका मुद्द्यावर आपण मला पकडले आहे. भूक ३ असताना एका प्रसंगात तीनदा शक्ती वापरली, तर निदान एकदा तरी सूत्र हातून सुटण्याची शक्यता सुमारे ६६ टक्के होते, हे गणित मी मांडलेच नव्हते. अंधारात पाहणे, दुरून वास ओळखणे, भिंत चढणे यांनाही फासा लावल्यामुळे खेळाडू खऱ्या प्रसंगाआधीच दमत होते, आणि मी त्याला त्यांचा भित्रेपणा समजत होतो. या तिन्ही शक्ती आता विनामूल्य केल्या आहेत. फासा फक्त दुसऱ्याच्या मनावर किंवा देहावर चालणाऱ्या शक्तींना राहील.

धुके होऊन निसटण्याची शक्ती कोणत्या बाजूला टाकावी, हे अजून ठरलेले नाही. ती कोणाला इजा करत नाही, पण विनामूल्य ठेवली तर प्रत्येक कठीण प्रसंगातून खेळाडू दाराच्या फटीतून पसार होतील. पुढच्या बैठकीत ती फाशासह खेळून पाहणार आहोत. आकडा कमी पडला, तर धुके बाहेर जाईल आणि अंगावरचे कपडे, किल्ल्या व फोन आतच राहतील.