दोन डिस्क माझ्या खात्यावर, तिसरी मोबाईलच्या

तासगावकर (नाव दिलं नाहीत, नुसतं गाव दिलंत, म्हणून तसंच म्हणतो),

तीन डिस्क वाया गेल्या म्हणता. त्यातल्या दोन माझ्या खात्यावर मांडा. तिसरीचं वेगळं आहे, तिच्याकडे येतोच.

बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमची तक्रार थोडक्यात. वडिलांच्या पंच्याहत्तरीचा दीड तासाचा कार्यक्रम पुतण्याने मोबाईलवर घेतला आणि गूगल ड्राइव्हवर चढवला. तिथून उतरवलेल्या एमपी4 फाईलची तुम्ही, फाईलची डीव्हीडी कशी करावी या माझ्या लेखाबरहुकूम, डीव्हीडी केलीत. संगणकावर आवाज खणखणीत, वडिलांच्या प्लेअरवर नुसतं चित्र. दुसऱ्या डिस्कचंही तेच. मग कुणीतरी सांगितलं म्हणून ऑडिओ एसी-3 (डीव्हीडीवरच्या आवाजाचा नेहमीचा फॉरमॅट, यालाच डॉल्बी डिजिटल म्हणतात) केलात. आवाज आला, पण औक्षणापर्यंतच ठीक होता. तिथून पुढे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. आणि वर हे: "स्वतः करून बघायचं नाही आणि लोकांना शिकवायचं. एएसी एवढा नवा फॉरमॅट, तो चालत नाही म्हणजे तुमच्या पद्धतीतच खोट आहे. आणि डीव्हीडी बघतंय कोण आता? पेन ड्राइव्हवर लिहा की."

करून बघत नाही, हे खरं नाही. पण एकाच प्लेअरवर बघितलं होतं, हे खरं आहे. आमच्या सांगलीच्या गावभागातल्या घरात पूर्वी दोन प्लेअर होते. 2019 च्या ऑगस्टात पुरात कृष्णा नदी घरात आली तेव्हा खालच्या खोलीतला गेला, माडीवरचा राहिला. हा माडीवरचा फार समजूतदार निघाला आणि त्यानेच घोळ केला.

मी लेखात लिहिलं होतं, "ऑडिओ आहे तसाच ठेवा, म्हणजे दर्जा उतरत नाही." ते वाक्य चूक आहे. मी ज्या फाईल वापरल्या त्या जुन्या एव्हीआय होत्या, आत एमपी3 आवाज. डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमात एमपी3 बसत नाही. बसतो तो त्याचा थोरला भाऊ एमपी2. पण डिस्कवरच्या प्रवाहात दोघांची ओळखखूण एकच असते, एमपेग ऑडिओ. माझ्या प्लेअरला एमपी3 च्या सीडी वाजवायची सवय, त्यामुळे त्याने भावाला भाऊ समजून आत घेतलं. मी खूश होऊन लेख लिहून मोकळा. तुमच्या फाईलमध्ये एमपी3 नाही, एएसी आहे. मोबाईलच्या फाईलींत बहुधा तोच असतो. तो तसाच डिस्कवर गेला, वडिलांच्या प्लेअरने ओळख दाखवली नाही आणि गप्प बसला. इथे चूक प्लेअरची नाही नि तुमचीही नाही.

आता ‘एएसी नवा आहे’ या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी भांडणार. नवा आहे म्हणूनच तो चालत नाही हो! डीव्हीडी प्लेअर पहिल्यांदा विकायला आले 1996 च्या नोव्हेंबरात, जपानमध्ये. एएसीचं मानक आलं 1997 मध्ये. डीव्हीडीची पंगत उठल्यावर आलेला पाहुणा आहे तो. नियम तेव्हाच ठरून गेले: चित्र एमपेग-2, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र. आवाज एसी-3, एमपी2 नाहीतर पीसीएम (न दाबलेला आवाज), काही डिस्कवर डीटीएस, आणि तोही 48 किलोहर्ट्झचा. गाण्याच्या सीडीचा 44.1 किलोहर्ट्झचा आवाजही तसाच घालता येत नाही, आधी बदलून घ्यावा लागतो.

संगणकावर आवाज येतो हा पुरावा नव्हे, हे मी लेखात लिहायला हवं होतं. व्हीएलसीसारखा संगणकावरचा प्लेअर शेकडो फॉरमॅट उलगडायची सामग्री स्वतःसोबत घेऊन फिरतो. टीव्हीखालचा डबा म्हणजे जुन्या वळणाचा तलाठी. ठरलेल्या नमुन्यात कागद असेल तर सही करील, नसेल तर मान वर करूनसुद्धा बघणार नाही. तुमच्या डिस्कवर चित्र नमुन्यात होतं, आवाज नव्हता. म्हणून अर्धीच सही.

पीसीएम दर्जाला उत्तम, पण जागा फार खातो. दीड तासाचा स्टीरिओ पीसीएम साधारण 1 जीबी होतो. तेवढाच एसी-3, सेकंदाला 192 किलोबिटने, 130 एमबीत बसतो. डिस्क 4.7 जीबीची. सगळी भाषणं आणि औक्षण असलेल्या कार्यक्रमाला एसी-3 पुरून उरतो. उरलेली जागा चित्राला द्या, दीड तासाला सेकंदाला 6 मेगाबिट आरामात मिळतात. (संगीताची मैफल असती तर मी पीसीएमचा विचार केला असता. शेजारी मिरज आहे, तंबोरा जुळवणारी माणसं आवाजातली कसर लगेच पकडतात.)

आता तिसरी डिस्क. तुम्ही रागाच्या भरात का होईना, ‘औक्षणापर्यंत ठीक’ लिहिलंत म्हणून बरं झालं. नुसतं ‘आवाज मागे पडतो’ लिहिलं असतंत तर मी अंधारात चाचपडत बसलो असतो. एक सांगा, पंचाहत्तर दिव्यांचं औक्षण करताना हॉलमधले दिवे घालवले होते का? माझी पैज आहे, घालवले होते.

मोबाईल सेकंदाला 30 फ्रेम घेतो असं आपण म्हणतो. उजेड कमी झाला की बरेच मोबाईल प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतात आणि सेकंदाला कमी फ्रेम घेतात. प्रत्येक फ्रेमवर तिची वेळ लिहिलेली असते, म्हणून मोबाईलवर काही जाणवत नाही. पण काही कन्व्हर्टर ती वेळ वाचतच नाहीत, सगळ्या फ्रेम एकाच मापाच्या धरतात. समजा अंधारात 10 सेकंद मोबाईलने 24 च्या चालीने फ्रेम घेतल्या. झाल्या 240. कन्व्हर्टरने त्या 30 च्या मापाने लावल्या, तर त्या 8 सेकंदांतच संपतात. चित्र 2 सेकंद पुढे गेलं, आवाज आपल्या जागी. दिवे लागल्यावर चाल पुन्हा 30 ची झाली तरी ते 2 सेकंद परत येत नाहीत. म्हणून आत्याबाई ताम्हण खाली ठेवून खुर्चीवर टेकल्या, तरी ‘शतायुषी व्हा’ मागून ऐकू येतं.

खात्री करायची तर मीडियाइन्फो नावाचा फुकटचा प्रोग्रॅम आहे, त्यात मूळ फाईल उघडा. व्हिडिओच्या खाली फ्रेम रेट मोडसमोर ‘व्हेरिएबल’ (म्हणजे चाल बदलती) दिसलं की निदान पक्कं. मग ती फाईल आधी हँडब्रेक या फाईल बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून काढा. व्हिडिओच्या टॅबमध्ये 25 फ्रेम आणि शेजारी ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’. हँडब्रेक डीव्हीडी बनवत नाही, बऱ्याच जणांचा तो गैरसमज असतो. तो फक्त फाईल सरळ करून देतो. ती सरळ झालेली फाईल डीव्हीडीस्टायलरमध्ये, म्हणजे डीव्हीडी बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, घाला. नवा प्रोजेक्ट उघडतानाच तो विचारतो, तिथे पाल आणि एसी-3 48 किलोहर्ट्झ निवडा. ऑडिओ ‘कॉपी’ असं कुठेही दिसलं तर ते बदला. तेच माझं पाप.

आणि लगेच डिस्क जाळू नका. आधी फोल्डरमध्ये बनवा, त्यातली सर्वांत मोठी व्हीओबी फाईल (चित्र नि आवाज हिच्यातच असतो) पुन्हा मीडियाइन्फोत उघडा. ऑडिओखाली एसी-3 आणि 48 दिसलं पाहिजे. तीच फाईल संगणकावर लावून औक्षणानंतरचे ओठ बघा. पुढची डिस्क रिरायटेबल घ्या, म्हणजे चौथीही वाया गेली तरी पुसून वापरता येईल. साधी डिस्क एकदा जळली की तिचा कपबशीखाली ठेवण्यापलीकडे उपयोग नाही.

पेन ड्राइव्हचं म्हणता, तर जुन्या प्लेअरला यूएसबीचं भोक असलं म्हणजे त्याला सगळं वाचता येतं असं नाही. त्यातल्या पुष्कळांना एक्सव्हिड या जुन्या पद्धतीच्या चित्राची एव्हीआय चालते, मोबाईलचं एच.264 पद्धतीचं चित्र चालत नाही. म्हणजे तिथेही फाईल बदलणं आलंच, आणि मग आवाज असून चित्र नाही अशी उलटी तऱ्हा. शिवाय तुमच्याच प्रतिक्रियेत आहे की वडिलांना डिस्क घालून बटण दाबता येतं. त्या वयातल्या माणसाच्या हातात नवा रिमोट देऊन बघा एकदा. आमच्या मातोश्रींनी टीव्हीच्या मेन्यूची भाषा कोरियन करून ठेवली होती, परत मराठी करायला मला एक अख्खा रविवार लागला.

लेखातली ती ओळ मी आज दुरुस्त केली आहे. जुनी ओळ पुसली नाही, खोडून ठेवली आहे, नाहीतर पुढे वाचणाऱ्याला तुमचा राग कशावर आहे तेच कळायचं नाही.

एक काम करा. तिसरी डिस्क घालून वडिलांच्या रिमोटवरचं ऑडिओचं बटण दाबा आणि पडद्यावर काय अक्षरं येतात ती इथे लिहा. डॉल्बी डिजिटल आलं तर प्लेअर चांगला आहे, फक्त फ्रेमचा निकाल लावायचा. मूळ फाईल पाठवायची असेल तर पूर्ण नको, औक्षणाच्या आधीपासूनची पाच मिनिटं पाठवा. दिवे घालवले होते की नाही, ते मला तेवढ्यात दिसेल.